सबब, असह्य वेदना होत आहेत

आधी एक खुलासा

हे लिखाण माझे आहे, परंतु अक्षर माझे नाही. मी सांगत गेलो आणि माझी पत्नी सुमन हिने लिहून घेतले. मी सव्वीस वर्षे सोलापुरात लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत आलो आहे. सात रस्ता चौकातून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एका कचेरीच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि पदवीधर माणसांनी माझ्याकडून अर्ज लिहून नेले आहेत, आणि काही वकीलमंडळींनी माझा मजकूर वाचून "यात काही बदलायला नको" असे म्हटलेले आहे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचे समजण्यास ते आवश्यक आहे म्हणून नमूद करतो. माझे सगळे आयुष्य उजव्या हाताच्या तीन बोटांवर चालले होते. गेल्या वर्षी नेमक्या त्याच तीन बोटांना आग लागली. ती अद्याप पूर्णपणे विझलेली नाही. हा हात पुन्हा पूर्वीसारखा लिहील की नाही, हे मला आज ठाऊक नाही.

पाच दिवस

होळी होऊन आठवडा झाला असेल. उजवा खांदा आतून ठणकू लागला. दिवसभर लिहिण्याने ठणकत असेल असे मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी दंडापासून अंगठ्यापर्यंत लालसर फोडांची एक माळ उठली. सुमनने ती पाहिली आणि पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "अहो, हे उन्हाचं नाही. दवाखान्यात चला."

मी टेबलावर गेलो. तिथे माढ्याकडील एक वयस्क अर्जदार बसले होते. त्यांनी बाही वर करायला लावली आणि सांगितले, "नागीण हाय ही. डाक्टरला काय कळतंय यातलं? गेरू लावा. दोन तोंडं एकमेकाला मिळू द्यायची न्हाईत, मिळाली की माणूस ऱ्हात न्हाय."

माझ्यासारख्या माणसाने यावर विश्वास ठेवावा, याची मला आज लाज वाटते. परंतु मी ठेवला. पाच दिवस गेरू लावला. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून फोडांची दोन टोके कुठवर आली ते पाहत होतो. टोके मिळाली नाहीत, म्हणून आपण वाचलो असे मला वाटले.

सहाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढून दोन तास रांगेत बसलो. तरुण डॉक्टरांनी गेरूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर बरं झालं असतं, काका."

"आता काय बिघडले?"

"फोड जातील. पण नस दुखावली असेल तर दुखणं मागं राहू शकतं."

ज्याच्या अंगावर एका बाजूने अशी फोडांची माळ उठेल, त्याने हे वाक्य वाचून झाल्यावर चप्पल घालावी आणि दवाखान्याचा रस्ता धरावा. माझे पाच दिवस कुणी परत देणार नाही.

पंखा बंद असलेले घर

फोड सुकले, खपल्या पडल्या. शेजारीपाजारी म्हणू लागले, "चला, सुटलात." आणि त्यानंतर खरे दुखणे सुरू झाले.

त्याचे वर्णन कसे करावे हे मला फार दिवस साधले नाही. हात दिसायला चांगला होता. सूज नाही, जखम नाही. परंतु सदऱ्याची बाही लागली की विस्तवावरून ओढल्यासारखे होई. माशी बसली तरी मी ओरडत असे. आणि पंख्याचे वारे मला सहन होत नव्हते.

ज्यांनी सोलापूरचा वैशाख पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अडीच महिने आमच्या घरातील पंखा बंद होता. मी उघड्या अंगाने भिंतीशी बसून असे, हात शरीरापासून वीतभर दूर धरलेला. सुमन त्याच खोलीत घामाने निथळत भाकरी थापत असे. आतल्या खोलीत दुसरा पंखा होता, तिथे जाऊन बस असे मी म्हटले तर ती जात नसे, आणि बसून राहिली तर चिडत असे.

"हात काही तुटलेला नाही," एक दिवस ती म्हणाली. "मला दिसत तर काहीच नाही. थोडा वेळ पंखा लावला तर काय होतंय? दुसऱ्या कोपऱ्यात तरी बसा की."

मी दुसऱ्या कोपऱ्यात बसलो. तिने पंखा एकवर लावला. वारे भिंतीला लागून परत आले आणि मी किंचाळलो. शेजारच्या दारातून डोके डोकावले. सुमनने पंखा बंद केला, दार लावून घेतले आणि तिथेच उंबऱ्याशी बसून रडली.  आजारी माणसाला वाटते की तो एकटा आजारी आहे. ते चूक आहे.

हमीदभाई हे माझ्या शेजारच्या टेबलावर स्टॅम्पपेपर विकतात. आमची बावीस वर्षांची शेजारदारी आहे. ते एका दुपारी कोंबड्या झाकायचे डालगे घेऊन घरी आले. वर मच्छरदाणीचे कापड शिवून घेतले होते.

"हात याच्या आत ठेवा, रायटर," ते म्हणाले. "माशी येणार नाही, कापडबी लागणार नाही."

"मी कोंबडी आहे काय, हमीदभाई?"

"कोंबडी अंडं तरी देती. तुम्ही नुसतं ओरडून राहिले." मग हळूच म्हणाले, "टेन्शन नक्को घेऊ. तुमची खुर्ची मी रोज पुसून ठेवतो. कुणाला बसू देत नाही."

तीन महिने माझा उजवा हात डालग्याखाली होता. त्या डालग्याइतकी दया मला कोणत्याही औषधाने दाखवली नाही.

माझा अर्ज

दुखण्यावर उपचार करणाऱ्या वेगळ्या डॉक्टर आहेत असे कळले. त्या बाईंकडे जाण्यापूर्वी मी पूर्ण तयारी केली. हाताने लिहिता येत नव्हते, म्हणून माझ्या ओळखीच्या टंकलेखकास सांगून दोन पानी अर्ज तयार केला. विषय, संदर्भ, मुद्दे, विनंती, सर्व काही रीतसर. "अर्जदारास उजव्या हाताच्या ठिकाणी असह्य वेदना होत असून त्यामुळे दैनंदिन व्यवहार करणे अशक्यप्राय झाले आहे. सबब, योग्य ते उपचार होऊन मिळावेत, ही नम्र विनंती." असा मजकूर मी शेकडो वेळा लिहिला आहे आणि तो कचेरीत चालतो.

डॉक्टरबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला. नंतर कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"काका, दाखला हवाय का तुम्हाला?"

"नाही. उपचार हवेत."

"मग हे कुणासाठी लिहिलंय? यात तुम्ही कुठंच नाही. 'असह्य' सगळेच लिहितात. मला सांगा, दुखतं कसं?"

मला अपमान वाटला. इतक्या वर्षांत माझ्या मजकुरात कुणी असा दोष काढला नव्हता. मी पुन्हा म्हणालो, "असह्य दुखते." त्या वाट पाहत राहिल्या.  तेव्हा मागे उभी असलेली सुमन बोलली.

"डॉक्टर, वारं लागलं तरी आग होते त्यांच्या हाताला. नुसतं वारं."

डॉक्टरबाईंनी लगेच पेन उचलले आणि ते लिहून घेतले. अगदी तेच शब्द. ते शब्द मी पूर्वी ऐकले होते, आणि मीच ते खोडले होते. त्याविषयी पुढे सांगतो.

निरोपे

डॉक्टरबाईंनी कापसाचा बारीक धागा घेतला. डाव्या हातावरून फिरवला; काही नाही. उजव्या अंगठ्याजवळ नुसता आणला तर माझ्या डोळ्यांत पाणी आले. "बघा," त्या सुमनला म्हणाल्या, "हे सोंग असतं तर एवढं अचूक जमलं नसतं." सुमनने खाली पाहिले.

मग त्यांनी समजावून सांगितले. मला जितके समजले तितके इथे देतो.

"नसेच्या पेशीला बाहेरून एक पातळ पापुद्रा असतो. तो मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा असतो, तेलासारख्या. नागिणीच्या विषाणूनं तुमची नस आतून जखमी केली. अशी जखम झाली की त्या पापुद्र्यातून बारीक तुकडे सुटतात आणि ते निरोपे म्हणून काम करतात. काही निरोपे नसेला सांगतात, जरा काही झालं की ओरड. काही सांगतात, झालं ते झालं, आता गप्प बस. धडधाकट माणसात दोघांचा तोल असतो. तुमच्या हातात पहिल्यांचा जोर वाढलाय. या दुखण्यामागं आणखीही कारणं असतात, पण हे एक मोठं आहे."

"म्हणजे दुखणे खोटे आहे का?"

"स्पर्श हलका आहे. दुखणं खरं आहे. नसेनं कुठल्या स्पर्शाला ओरडायचं ती पातळीच खाली आली आहे."

मला आमच्या कचेरीतील शिपाई आठवला. साहेबांच्या दाराशी तो बसतो. काम मोठे असेल तर आत सोडतो, किरकोळ माणसाला बाहेरच थांबवतो. समजा, कुणी त्याच्या हातात चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या देऊ लागले, 'येईल त्याला सोड', तर? मग चहावालाही आत, भिकारीही आत, आणि साहेबांना वाटणार की दंगल झाली. माझ्या अंगठ्यात असे चालले होते.

मी हे डॉक्टरबाईंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की विद्यार्थ्यांना असेच सांगीन.

"मग त्या चिठ्ठ्या देणाऱ्यांनाच अडवणारे औषध द्या."

"साधी अंगदुखीची गोळी त्यांतल्या एका प्रकाराला अडवते. तुमच्या दुखण्यात तेवढ्यानं भागत नाही. बाकीच्यांना नेमकं अडवणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, पण आज माझ्या हातात ते नाही. मी नस शांत करणाऱ्या गोळ्या देते. गरज पडली तर इंजेक्शन देऊ. बऱ्याच लोकांचं हळूहळू उतरतं. काहींचं राहतं."

"माझे?"

"ते मी आज सांगू शकत नाही."

कुठल्याही कचेरीत मी हे उत्तर ऐकून घेतले नसते. तिथे ऐकले.

गवराबाई

आता ते खोडलेले वाक्य.

याच्या तीन वर्षे आधी मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून गवराबाई नावाची साठीची बाई एसटीने माझ्याकडे आली होती. ज्वारीच्या मळणी यंत्रात तिचा डावा हात सापडला होता. जखमा भरल्या होत्या, बोटे जागेवर होती. निराधारांना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या पगारासाठी तिला अर्ज करायचा होता.

"त्रास काय होतो ते सांगा," मी म्हणालो.

"हात दिसतुया ब्येस, पर आतनं पेटलेला हाय की. वारं लागलं तरी आग हुती. पदर लागला तरी जीव जातुया. बांगडी घालवत न्हाय."

"वारे लागून हात दुखतो असे लिहिले तर साहेब हसतील, बाई."

"हसू द्या की. हाय ते लिवा तुमी."

मी दोन शब्द लिहून पाहिले, ते मलाच बालिश वाटले, आणि मी ती ओळ खोडली. नवा कागद घेतला आणि लिहिले: "अर्जदार हिचे डाव्या हातास असह्य वेदना होत आहेत." वाचून दाखवले. ती म्हणाली, "ह्यात वारं कुटं हाय?" मी म्हणालो, "त्यातच आले."

नंतर अंगठा घ्यायचा होता. आमच्या कामात नियम असा की डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा आणि खाली 'नि. डा. अं.' म्हणजे निशाणी डावा अंगठा, असे लिहायचे. मी तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर फिरवला. ती "आयो" म्हणून किंचाळली. हात ओढल्यामुळे ठसा पुसट आला. पुसट ठसा कार्यालय परत करते. म्हणून मी तो अंगठा पुन्हा धरला, आता मनगटही घट्ट पकडले, आणि दुसऱ्यांदा दाबला.

शेजारून हमीदभाई म्हणाले होते, "आहिस्ता, रायटर. दुखतंय तिला."

मी म्हणालो होतो, "अहो, अर्जासाठी येणाऱ्या सगळ्यांनाच दुखते."

तिचा अर्ज नामंजूर झाला. हात वरकरणी चांगला आहे, तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, असे उत्तर आले. ते पत्र घेऊन ती एकदा आली, मी अपील करू म्हणालो, आणि ती परत आली नाही. मी तिला विसरलो.

मी विसरलेली बाई मला माझ्याच हातात सापडली.

तेल

मध्ये मी एक मूर्खपणा केला, तोही लिहितो, कारण दुसरा कुणी करू नये. स्निग्ध पदार्थ नसेला भडकवतात असे कळल्यावर मी मनाशी आरोपी निश्चित केला. घरात तेल बंद, तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडणे म्हणजे काय ते सांगायला नको. सुमन उकडलेली भाजी पुढे ठेवी आणि म्हणे, "आरोपी पळून गेलाय हो, तुम्ही साक्षीदारालाच डांबलंय."

पाच आठवड्यांत माझे वजन उतरले, चक्कर येऊन पडलो आणि त्या उजव्या हातावरच पडलो. तो दिवस मी सांगणार नाही. डॉक्टरबाई रागावल्या. "काका, ती चरबी ताटातली नाही, पेशीच्या पापुद्र्यातली आहे. शरीर ती स्वतः बनवतं. चटणी सोडल्यानं ती थांबणार नाही. जेवा."

मी जेवलो. एखादा अपराधी सापडला की सगळे ठीक होते, ही अर्ज लिहिणाऱ्याची समजूत आहे. माझ्या हातात अपराधी कुणीच नव्हता. जो पापुद्रा नसेला जपतो, त्याच्यातूनच आग सुटत होती.

वॉर्डातील आठ दिवस

गोळ्यांनी सुस्ती आली, गुण थोडा आला. मानेजवळ नसेभोवती इंजेक्शन द्यायचे ठरले, आणि पडल्यामुळे हाताची देखरेखही हवी होती, म्हणून मला आठ दिवस दाखल केले. सहाला झाडू, सातला चहा, दहाला डॉक्टरांची फेरी, बाराला नातेवाइकांचे डबे. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक ट्रकड्रायव्हर होते. मी कोण आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, "मालकाला रजेचा अर्ज लिवून द्या की, साहेब." मी डालगे दाखवले. ते म्हणाले, "लिवणाऱ्याचाच हात? देवाला बी काय डोकं न्हाय." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, फार दिवसांनी.

इंजेक्शनच्या सकाळी सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या. "इथं सही करा."

मी उजवा हात पाहिला. डाव्या हाताने सही करून पाहिली. ती कुणाची आहे ते मलाही ओळखता आले नसते. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या आजोबा, अंगठा चालतो," आणि त्यांनी शाईचे पॅड काढले. मी बावन्न वर्षांचा आहे. त्यांनी माझा डावा अंगठा धरला, पॅडवर टेकवला, कागदावर फिरवला आणि खाली लिहिले, नि. डा. अं.

माझा डावा हात धडधाकट आहे. त्याला काही दुखले नाही. तरीही ठसा उमटताच मी तो ओढून घेतला, इतक्या जोरात की सिस्टरांनी दुखले का म्हणून विचारले.  सुमनला त्या दुपारी पहिल्यांदा गवराबाईविषयी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "दुसऱ्यांदा पण दाबलात?"

"होय."

ती डब्याचे झाकण लावत राहिली. बराच वेळ ते झाकण लागत नव्हते.

पावसाळ्यानंतर

इंजेक्शनांनी मला निम्मा हात परत दिला. दिवाळीपर्यंत सदरा घालता येऊ लागला. पंखा दोनवर चालतो. लेखणी धरली की चार ओळींनंतर बोटे पेटतात. डॉक्टरबाई म्हणतात, आणखी उतरेल किंवा इथेच थांबेल. मी आता त्यांना रोजचे दुखणे तोंडी सांगतो. 'असह्य' हा शब्द वापरत नाही. आज मुंग्या चावल्यासारखे आहे, आज गरम राख टाकल्यासारखे आहे, असे सांगतो. त्या त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करतात. ज्यांना असे दुखणे असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. वेडगळ वाटले तरी जे होते तेच सांगावे. आणि घरच्यांनी, दिसत नाही म्हणून नाही असे समजू नये.

मी डॉक्टरबाईंना गवराबाईविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "घेऊन या त्यांना. धाग्यानं तपासते, कागद देते. पण त्यांच्या पगारासाठी आधी फेरतपासणीचा अर्ज लागेल."

अर्ज. सोलापूर जिल्ह्यात त्याविषयी मला कुणी सांगायला नको होते.

मंगळवेढ्याकडे

सुमन आणि मी एसटीने गेलो. ती दहावी पास आहे, माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. इतक्या वर्षांत मी तिला कधी एक ओळ लिहू दिली नव्हती. खिडकीकडे ती बसली, म्हणजे वारे मला लागू नये. मंगळवेढ्याहून जीपने खेड्यात पोहोचलो. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती.

गवराबाई ओसरीवर बसून उजव्या हाताने शेंगा निवडत होती. डावा हात तिने शरीरापासून वीतभर दूर धरला होता, तळवा वर. हात धरण्याची ती तऱ्हा मी ओळखली. ती कुणी कुणाला शिकवू शकत नाही.

"कोन हाय?"

"मी सोलापूरचा अर्जवाला."

तिने मला निरखले. "आता कशाला आलाय? अर्ज तर फेटाळला की."

तिची सून आतून बाहेर आली. चेहऱ्याने थकलेली बाई होती, वाईट नव्हती. "सरकारनंच लिवून दिलंय, हाताला काय न्हाय म्हनून," ती सुमनला सांगू लागली. "तवापासनं आमी बी ऐकून घेत न्हाय. धुनं-भांडं करतीया, आनि दिवसभर आय-आय करती. सोंगाला तरी काय हद्द असावी."

ते पत्र खुंटीला पिशवीत घालून ठेवले होते. तीन वर्षे त्या घरात माझ्या 'असह्य वेदना' या दोन शब्दांचे उत्तर टांगलेले होते, आणि त्याच्या आधाराने त्या हाताला भांडी घासायला लावली जात होती.

मी उभा होतो तसाच म्हणालो, "बाई, चूक माझी झाली. तुम्ही सांगितलेत ते मी लिहिले नाही." सव्वीस वर्षांत मी हे वाक्य कधी तोंडातून काढले नव्हते. अर्जात चूक नेहमी समोरच्याची असते.

 गवराबाईची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. तोही वीतभर दूर होता.

"तुमाला बी?"

"होय."

"वारं?"

"वारे. माशी. बाही."

ती थोडी सरकली आणि ओसरीवर मला जागा केली.

सुमनने कागद काढला. गवराबाई सांगत गेली आणि सुमनने जसेच्या तसे लिहिले. मध्ये दोनदा माझ्या तोंडात दुरुस्ती आली. सुमनने न पाहताच "तुम्ही गप्प बसा" म्हटले. मग तिने वाचून दाखवले.

"वारं लिवलं?"

"लिहिलं, मावशी."

"बांगडीचं?"

"तेही."

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून संपल्यावर ती म्हणाली, "कागुदावर लिवल्यानं दुकनं खरं हुतंय व्हय?"

 माझा सगळा धंदा त्याच समजुतीवर चाललेला होता. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी तरी ती भांडी तिनेच घासली. तिला पटले असे मी म्हणणार नाही. अर्जाचे उत्तरही अद्याप आलेले नाही, आणि गवराबाईला सोलापूरला पाठवायला घरचे अजून तयार नाहीत.

अंगठा राहिला होता. मी पॅडचे झाकण काढले. गवराबाईचे डोळे त्या पॅडवर खिळले आणि तिने हात छातीशी ओढून घेतला. मी पॅड तिच्यापुढे ओसरीवर ठेवले आणि माझे दोन्ही हात मागे घेतले.

"तुम्ही स्वतःच टेकवा. जमेल तेव्हा."

ती बसून राहिली. आम्हीही बसून राहिलो. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला, मग तो निघून गेला. तिने अंगठा शाईजवळ नेला आणि परत आणला. पुन्हा नेला, परत आणला. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटले आणि तो टेकवला, आधी पॅडवर, मग कागदावर. तोंडातून आवाज काढला नाही.

सुमनने कागद उचलून उजेडात धरला. नखाच्या चंद्रकोरीएवढी निळी खूण उमटली होती.

"फार पुसट आहे हो," ती हळू म्हणाली. "परत घ्यायचा का?"

गवराबाईने माझ्याकडे पाहिले.

"नको," मी म्हणालो. "खाली लिही. नि. डा. अं. आणि त्याखाली लिही: ठसा पुसट आहे. हा अंगठा दुखतो, म्हणून पुसट आहे."